सहकारी घर आणि नकाराचा अधिकार

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात जॅक्सन हाइट्स ही वस्ती आहे. १९०९ नंतर शेतजमिनी घेऊन क्वीन्सबरो कॉर्पोरेशनने ती वसवली. विटांच्या पाच-सहा मजली इमारती, रस्त्याला झाडे आणि इमारतींच्या मधोमध चौकभर बाग. १९२० च्या सुमारास येथील घरे सहकारी पद्धतीने विकली जाऊ लागली. या पद्धतीत रहिवासी घर विकत घेत नाही. इमारतीची मालक असलेल्या संस्थेचे भाग तो घेतो आणि त्या भागांवर त्याला घराचा ताबा मिळतो. म्हणजे पैसा असून भागत नाही. संस्थेने भागधारक करून घ्यावे लागते. जॅक्सन हाइट्सने ज्यू आणि काळ्या माणसांना भागधारक करून घेतले नाही.

तेथील ‘शातो’ आणि ‘टॉवर्स’ या नामांकित इमारतींचा वास्तुशिल्पी अँड्र्यू थॉमस. याच थॉमसने १९२६ ते १९२८ या काळात हार्लेममध्ये डनबार अपार्टमेंट्स उभारली. पैसा धाकट्या जॉन रॉकफेलरचा, घरे ५११, मधोमध तशीच बाग. भागधारक मात्र काळे. बाबासाहेबांनी १९४६ साली ज्यांना पत्र लिहिले ते ड्यू बॉइस येथे राहत. पॉल रोबसन, ए. फिलिप रँडॉल्फ हेही येथले रहिवासी. पुढे जागतिक मंदी आली, रोजगार गेले, हप्ते थकले. १९३६ साली रॉकफेलरने मालमत्ता परत ताब्यात घेतली आणि सहकार संपला. ज्यांच्या हाती भांडवल नाही, त्यांच्या सहकाराचे आयुष्य सावकाराच्या मर्जीवर असते.

१९६८ साली अमेरिकेत घरांच्या व्यवहारातील वंशभेद कायद्याने बंद झाला. पण नकाराचा अधिकार शाबूत राहिला. आपली लिफ्ट आणि व्हरांडे कोणाबरोबर वापरायचे हे सहकारी इमारतीचे मालक ठरवू शकतात, असा निर्णय न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायपीठाने १९५९ सालीच दिला होता. कायद्याने निषिद्ध भेदभाव तेवढा त्यातून वगळला होता. पण कारण सांगण्याचे बंधनच मंडळावर नसेल, तर भेदभाव सिद्ध कसा करायचा?

हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. मुंबईत गावदेवीची सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ साली एका ज्ञातीसाठीच निघाली. २००५ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेचा सभासदत्व पारशांपुरते ठेवण्याचा नियम वैध ठरवला. आधार दिला संघटनास्वातंत्र्याचा. पारशी समाज अल्पसंख्य आहे, हे मान्य. पण तोच आधार उद्या जातीची संस्था घेईल, तेव्हा तिला अडवणार कोण?

जात राजरोस बोलली जात नाही. ती ‘घर दिले गेले आहे’ एवढेच म्हणते. म्हणून आपली पहिली मागणी साधी असावी: प्रत्येक नकार लेखी, कारणासह आणि ठराविक मुदतीत मिळाला पाहिजे. लेखी कारणाशी न्यायालयात लढता येते. मौनाशी लढता येत नाही.