बैलाच्या शिंगातील कर्करोग : शस्त्र आणि किरण यांची वाटचाल



नागपूरहून वर्ध्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर बुटीबोरी हे स्थानक लागते. तेथून उमरेडकडे एक फाटा फुटतो. आज बुटीबोरी म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे औद्योगिक वसाहत उभी राहते आणि कारखान्यांची धुराडी दिसू लागतात. परंतु वसाहतीची हद्द ओलांडून थोडे पुढे गेले की कपाशीची व तुरीची शेते लागतात, आणि त्या शेतांतून अजूनही कोठे कोठे बैलजोडी चालताना दिसते. वर्धा-नागपूर भागाची स्वतःची गोवंशाची जात आहे. तिचे नाव गवळाऊ. रंगाने पांढरी, पायाने चपळ आणि शिंगांनी आखूड. आज ज्या इतिहासाविषयी मी बोलणार आहे त्यात राजे नाहीत, लढाया नाहीत आणि तहही नाहीत. त्याचा नायक हा बैल आहे.

बैलाला होणाऱ्या एका विशिष्ट रोगाचा हा इतिहास आहे. शेतकरी त्याला सरळ ‘शिंगाचा कॅन्सर’ म्हणतो. पाचसहा वर्षांचा, ऐन कामाचा बैल एके दिवशी मान झटकू लागतो. गव्हाणीच्या खांबाला एकच शिंग घासत राहतो. कधी एका नाकपुडीतून रक्त येते. धन्याला वाटते, उन्हाने घोळणा फुटला असेल. पुढे शिंग मुळाशी सैल होते, एका बाजूला कलते आणि एखादे दिवशी झाडाचा धक्का लागून गळून पडते. मग आतून फुलकोबीच्या गड्ड्यासारखी लालभडक वाढ बाहेर डोकावते, तिच्यावर माश्या बसतात आणि किडे पडतात. तेव्हा कोठे बैल दवाखान्यात येतो. जोडीतला एक बैल गेला तर दुसरा निकामी होतो, आणि पेरणीच्या तोंडावर नवा बैल घेणे म्हणजे काय, हे या सभेत कोणालाही समजावून सांगण्याची गरज नाही.

हा रोग लपून का राहतो, हे समजण्यासाठी शिंगाची रचना थोडी पाहू. शिंग वरून टणक दिसते, पण ते भरीव नसते. बाहेरच्या आवरणाच्या आत हाडाचा गाभा असतो, आणि वासरू मोठे होऊ लागले की कपाळाच्या हाडातील पोकळी त्या गाभ्यात शिरते. या पोकळीला आतून एक नाजूक, ओलसर त्वचेचे अस्तर असते. कर्करोग सुरू होतो तो या अस्तरात. पोकळीचा संबंध नाकाशी असल्यामुळे रक्त नाकातून येते. म्हणजे वैरी घराच्या आत बसलेला, दार बंद, आणि बाहेर फक्त रक्ताचा एक थेंब, अशी ही अवस्था असते. या रोगाच्या उपचाराचा सारा इतिहास दोन प्रश्नांभोवती फिरतो : आत काय आहे ते कसे पाहावे, आणि पाहिल्यावर ते कसे काढावे?

आपल्या देशात जनावरांच्या चिकित्सेची परंपरा जुनी आहे. अशोकाच्या शिलालेखांत माणसांबरोबर पशूंच्याही उपचारांची व्यवस्था केल्याचा उल्लेख आहे. अश्ववैद्यकात शालिहोत्राचे व गजवैद्यकात पालकाप्याचे नाव घेतले जाते. सुश्रुतसंहितेत ‘अर्बुद’ या नावाने गाठींचे वर्णन आले आहे. पण या सर्व थोर वैद्यांजवळ साधन होते ते डोळा आणि बोट. जे वर आले ते त्यांनी ओळखले. हाडाच्या आड दडलेले त्यांना दिसणे शक्य नव्हते, आणि वेदना थांबविण्याचे खात्रीचे साधन नसल्यामुळे खोल कापणेही शक्य नव्हते.

एकोणिसाव्या शतकात हे चित्र पालटू लागले. १८४६ मध्ये बोस्टनला ईथर देऊन जाहीर शस्त्रक्रिया झाली. १८६७ मध्ये लिस्टरने जंतुनाशक शस्त्रक्रियेचा पाया घातला. १८८४ मध्ये कोलर याने कोकेनचे थेंब टाकून डोळा बधिर करून दाखविला आणि स्थानिक बधिरीकरणाचे युग सुरू झाले. १८९४ मध्ये जिग्ली या इटालियन वैद्याने हाड कापण्यासाठी तारेची करवत पुढे आणली. त्याच सुमारास अमेरिकेत हॉल्स्टेड हा शल्यज्ञ स्तनाच्या कर्करोगात सांगत होता की गाठ एकटी काढून भागत नाही, तिच्या भोवतालचा भागही काढला पाहिजे. हे सारे घडले ते माणसासाठी. पण बैलाचे शिंग कापण्याची जी पद्धत आज पशुवैद्य वापरतात, तिच्यात या प्रत्येक शोधाचा अंश आहे.

ती पद्धत अशी. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून शिंगाच्या बुडापर्यंत हाडाची एक कड जाते. तिच्या खालून शिंगाला संवेदना देणारी मज्जातंतूची शाखा जाते. तेथे औषध टोचले की शिंग बधिर होते. लिग्नोकेन हे आजचे नेहमीचे औषध स्वीडनमध्ये १९४३ साली तयार झाले. जनावराला शांत करणारे झायलाझिन हे औषध १९६२ साली आले. त्यापूर्वी एवढे धूड जनावर दोरांनी आडवे पाडून धरणे हाच शस्त्रक्रियेचा निम्मा भाग असे. बधिर झाल्यावर शिंगाच्या बुडाशी कातडी गोलाकार कापून सोडवतात, शिंग कवटीलगत तारेच्या करवतीने कापतात, उसळणारी रक्तवाहिनी बांधतात, पोकळीतील रोगट भाग निपटून काढतात आणि कातडीचे पदर एकमेकांवर ओढून शिवतात. वेळेत केले तर बैल काही आठवड्यांत जुवाखाली परत उभा राहतो. उशीर झाला, रोग कपाळाच्या पोकळीत पसरला किंवा कानाखालच्या रसग्रंथींत पोहोचला, तर तीच करवत आणि तेच हात अपुरे पडतात.

आता ‘पाहण्या’कडे वळू. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी रंटगेन याला क्ष-किरणांचा शोध लागला. पुढच्याच वर्षी, १८९६ मध्ये, पशुवैद्यांनी हे किरण जनावरांवर वापरून पाहिले. घोड्याच्या पायाचे हाड हा त्यांचा आवडीचा विषय होता, कारण त्या काळी सैन्य आणि टपाल घोड्यांवर चालत होते. बर्लिनच्या पशुवैद्यक विद्यालयातील एबरलाइन हे जर्मनीतील किरणशास्त्राच्या अग्रणींपैकी एक होते. एका पशुवैद्याने या शास्त्राच्या पहिल्या पिढीत इतके वरचे स्थान मिळवावे, ही गोष्ट आपण सहसा ऐकत नाही.

शिंगाच्या बाबतीत क्ष-किरणांचे चित्र मोठे बोलके असते. निरोगी शिंगाच्या गाभ्यात हवा असते, म्हणून ती जागा काळी दिसते व तिच्यातील हाडाचे पातळ पडदे स्पष्ट उमटतात. रोग असला की काळ्या जागी धूसर पांढरे सावट येते, पडदे विरघळल्यासारखे होतात आणि हाडाची भिंत कुरतडलेली दिसते. पुढे सोनोग्राफी आली. पण ध्वनिलहरी हाडातून पलीकडे जात नाहीत, म्हणून तिचा उपयोग पोटातील व मऊ भागांतील गाठींना अधिक. शिंगाचा दरवाजा तिला सहसा उघडत नाही.

येथे आपल्या महाराष्ट्रातील एका वस्तीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. ती वस्ती म्हणजे मुंबईचे परळ. तेथे पेटिट कुटुंबाच्या देणगीतून जनावरांचे रुग्णालय उभे राहिले आणि १८८६ मध्ये मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. त्याच परळला १९४१ मध्ये टाटा स्मारक रुग्णालय उघडले, आणि १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले. माणसाचा कर्करोग आणि जनावराचा दवाखाना हाकेच्या अंतरावर आले. या केंद्राचे प्रवर्तक डॉ. वसंत खानोलकर यांनी १९४५ मध्येच, सूर्याबाई यांच्यासह लिहिलेल्या निबंधात, लोकांच्या चालीरीती आणि कर्करोग यांचा संबंध दाखविला होता. कमरेला घट्ट धोतर आवळल्याने कातडीला सतत घर्षण होऊन तेथे कर्करोग होतो, हे त्यांनी मांडले.

बैलाच्या बाबतीत हाच प्रश्न संशोधकांपुढे उभा राहिला. हा रोग मुख्यतः भारतीय उपखंडातला, त्यातही खच्ची केलेल्या कामाच्या बैलांतला. गायींत व सांडांत तो विरळा, म्हशींत फारच क्वचित. मग कारण काय? शिंगांना आवळलेला दोर, जुवाचे धक्के, शिंगे साळण्याची रीत, त्यांवर चढविलेले रंग, रखरखीत ऊन की खच्चीकरणामुळे बदललेले संप्रेरकांचे प्रमाण? प्रत्येक कारणाचा संशय घेतला गेला आणि एकट्या कोणावरही गुन्हा पूर्ण शाबीत झाला नाही. १९६९ मध्ये नाईक, बालकृष्णन व रांदेलिया या संशोधकांनी इंग्लंडमधील पशुवैद्यक नियतकालिकात भारतीय गोवंशातील या रोगाचे जातवार प्रमाण मांडणारा निबंध प्रसिद्ध केला. परदेशी ग्रंथांतून उसना मिळणार नाही असा हा आपला प्रश्न होता. त्याचे उत्तर आपल्याच गोठ्यांत शोधावे लागणार, हे त्यातून स्पष्ट झाले.

विदर्भाकडे पाहिले तर नागपूरचे पशुवैद्यक महाविद्यालय १९५८ मध्ये, म्हणजे द्वैभाषिक मुंबई राज्याच्या काळात, सुरू झाले. सेमिनरी टेकडीवरील या महाविद्यालयामुळे बुटीबोरीच्या शेतकऱ्याला मोठ्या शस्त्रक्रियेसाठी मुंबईची वाट धरण्याचे कारण उरले नाही. २००० मध्ये महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही नागपुरात आले.

शस्त्राला औषधाची जोड मिळाली ती एका ओळखीच्या फुलामुळे. आपल्या अंगणात, तुळशीवृंदावनाच्या शेजारी, कोणी लावो न लावो उगवणारी सदाफुली आपण सर्वांनी पाहिली आहे. १९५८ च्या सुमारास कॅनडात तिच्या पानांतून पेशींची वाढ रोखणारे द्रव्य मिळाले, आणि पाठोपाठ अमेरिकेत व्हिन्क्रिस्टीन हे तिचेच दुसरे द्रव्य हाती आले. मुलांच्या रक्तकर्करोगावर ते वरदान ठरले. भारतीय पशुशल्यज्ञांनी हेच औषध शिंग कापल्यानंतर शिरेतून देण्यास सुरुवात केली, कारण करवतीला न दिसलेल्या पेशी मागे राहिल्या तर रोग पुन्हा डोके वर काढतो. कुत्र्यांच्या जननेंद्रियावरील संसर्गी गाठीवर तर ते शस्त्रावाचून गुण देते. ही तीच गाठ, जी १८७६ मध्ये रशियातील नोविन्स्की या पशुवैद्याने एका कुत्र्यातून दुसऱ्यात रुजवून दाखविली आणि प्रायोगिक कर्करोगशास्त्राचा आरंभ केला.

पाहण्याच्या शास्त्राने सर्वांत मोठी उडी मारली ती सीटी स्कॅनच्या रूपाने. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळच्या एका रुग्णालयात पहिल्या माणसाच्या मेंदूचे असे चित्र घेतले गेले. त्याचा जनक हाउन्सफील्ड याला १९७९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. पण माणसाच्या आधी त्या यंत्राखाली काय ठेवले होते, ठाऊक आहे? खाटकाकडून आणलेला बैलाचा मेंदू! यंत्राने प्रथम बैलाच्या डोक्यातले पाहिले आणि मग माणसाच्या. आज मोठ्या शहरांत हे ऋण अंशतः फिटते आहे. मुंबईला महालक्ष्मी येथे २०२४ मध्ये उघडलेल्या टाटा न्यासाच्या लहान प्राण्यांच्या रुग्णालयात कुत्र्या-मांजरांसाठी सीटी व एमआरआय यंत्रे आहेत. शस्त्रक्रियेपूर्वी गाठ किती खोल गेली आहे हे तेथे पडद्यावर पाहता येते.

कुत्र्या-मांजरांना हे मिळाले याचा आनंदच मानला पाहिजे. पण बैलाचे काय? २०१९ च्या पशुगणनेत देशातील नर गोवंश सुमारे ४ कोटी ७४ लाख भरला. २०१२ च्या मानाने ही घट सुमारे ३० टक्क्यांची आहे. ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले. तथापि ज्याच्याकडे चारपाच एकर कोरडवाहू जमीन आहे, त्याच्यापुरता बैल अजून इतिहासात जमा झालेला नाही. त्याच्या गोठ्यापर्यंत सीटीचे यंत्र येणार नाही, आणि बैल मुंबईला जाणार नाही.

मग या सव्वाशे-दीडशे वर्षांच्या प्रगतीचा त्याला उपयोग कोणता? माझे उत्तर असे आहे की, या इतिहासात शस्त्र सुधारले, औषध सुधारले, किरण सुधारले. फक्त एक अंतर तसेच राहिले. ते गोठा आणि दवाखाना यांमधले अंतर. ते मैलांत मोजायचे नाही, दिवसांत मोजायचे आहे. बुटीबोरीहून सेमिनरी टेकडी काही तासांवर आहे. पण पहिल्या रक्ताच्या थेंबापासून दवाखान्याच्या दारापर्यंत कित्येकदा महिने जातात. शस्त्रक्रियेचे यश बहुतेक त्या महिन्यांतच ठरून गेलेले असते.

हे अंतर तोडण्याची सोय आपल्या परंपरेतच आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे शेकतो, हळद-लोणी चोळतो आणि त्याला उद्याच्या जेवणाचे आमंत्रण देतो. वर्षातून एकदा तरी त्या दिवशी धन्याचा हात बैलाच्या अंगावरून सावकाश फिरतो. तो हात खांद्यावर थांबू नये, शिंगाच्या बुडापर्यंत जावा. एक शिंग दुसऱ्यापेक्षा गरम लागते का, हलवल्यावर बैल दचकतो का, बोटाने ठोकले तर दोन्हींचा आवाज सारखा पोकळ येतो का, एकाच नाकपुडीतून रक्त येते का, एवढे पाहावे. भरलेल्या शिंगाचा आवाज बद्द येतो. संशय आला तर बेगड लावण्यापूर्वी पशुवैद्याला गाठावे.

रंटगेनच्या किरणांनी जे दिसते त्याची पहिली चाहूल शेतकऱ्याच्या बोटाला लागू शकते. त्या बोटाने वेळेवर सांगितले, तर करवत, औषध आणि किरण ही तिन्ही आपापले काम चोख करतील.