एसक्यूएल सर्व्हर एजंट

एसक्यूएल सर्व्हर एजंट हा मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस प्रणालीचा एक घटक असून ठरलेल्या वेळी कामे आपोआप पार पाडणे आणि बिघाड झाल्यास संबंधित व्यक्तीला इशारा देणे ही त्याची दोन मुख्य कार्ये आहेत. बॅकअप घेणे, इंडेक्स नव्याने बांधणे, डेटाबेसची सुसंगती तपासणे, जुन्या नोंदी काढून टाकणे यांसारखी नित्याची कामे बहुधा त्याच्यावर सोपवली जातात. विंडोजवर तो डेटाबेस इंजिनाहून वेगळी सेवा म्हणून चालतो. त्यामुळे इंजिन सुरू असतानाही एजंट बंद असू शकतो.

१९९५ मधील ६.० आवृत्तीत हे काम एसक्यूएल एक्झिक्युटिव्ह नावाची सेवा करीत असे. १९९८ मध्ये आलेल्या ७.० आवृत्तीत तिला सध्याचे नाव मिळाले.

रचना

एजंटची सर्व माहिती एमएसडीबी या प्रणाली-डेटाबेसमध्ये साठवली जाते. केवळ वापरकर्त्याचा डेटाबेस नव्या सर्व्हरवर हलवला, तर त्याच्याशी संबंधित कामे जुन्या सर्व्हरवरच राहतात. म्हणून एमएसडीबीचाही नियमित बॅकअप घेणे आवश्यक ठरते.

प्रत्येक काम, म्हणजे जॉब, एक किंवा अधिक टप्प्यांचे बनलेले असते. टप्प्यात ट्रान्झॅक्ट-एसक्यूएल आज्ञा, पॉवरशेल लिपी किंवा कार्यप्रणालीची आज्ञा असू शकते. टप्पा यशस्वी झाल्यास पुढे काय करायचे, अयशस्वी झाल्यास काय, आणि किती वेळा पुन्हा प्रयत्न करायचा, हे प्रत्येक टप्प्यासाठी स्वतंत्रपणे ठरवता येते. येथे एक चूक सहज होते. अपयशानंतर ‘पुढील टप्प्यावर जा’ असा पर्याय निवडला आणि शेवटचा टप्पा यशस्वी झाला, तर मधला बॅकअप फसलेला असूनही संपूर्ण जॉब यशस्वी म्हणून नोंदवला जातो.

जॉबला वेळापत्रक जोडले जाते. एका जॉबची एकाच वेळी एकच प्रत चालू शकते. आधीची फेरी संपली नसेल तर त्या वेळची पुढची फेरी सुरू होत नाही. प्रत्येक जॉबला मालक असतो. मालक म्हणून एखाद्या कर्मचाऱ्याचे व्यक्तिगत खाते दिलेले असेल आणि तो कर्मचारी संस्था सोडून गेल्यावर ते खाते काढून टाकले गेले, तर वर्षानुवर्षे सुरळीत चाललेला जॉब अचानक अपयशी ठरू शकतो. म्हणून मालकी व्यक्तीच्या नव्हे, तर प्रणालीच्या खात्याकडे ठेवण्याची पद्धत रूढ आहे.

इशारे

इशारा मिळणाऱ्या व्यक्तीला किंवा गटाला ऑपरेटर म्हणतात. इशारे तीन प्रकारांनी निर्माण होतात: ठरावीक त्रुटीमुळे, एखादा कामगिरी-मापक ठरलेली मर्यादा ओलांडतो तेव्हा, किंवा विंडोजच्या डब्ल्यूएमआय यंत्रणेतील घटनेमुळे. त्रुटीवर आधारित इशारे विंडोजच्या ॲप्लिकेशन लॉगमधील नोंदी वाचून दिले जातात. जी त्रुटी तेथे नोंदवलीच जात नाही, तिचा इशाराही येत नाही.

एसक्यूएल सर्व्हर त्रुटींची तीव्रता ० ते २५ अशा पातळ्यांत मोजतो. १९ ते २५ या गंभीर पातळ्यांसाठी इशारे बसवणे हा सर्वसाधारण प्रघात आहे. मात्र तेवढे पुरेसे नसते. डिस्कवरून वाचताना कार्यप्रणालीकडून आलेली त्रुटी ८२३ आणि वाचलेल्या पानातील विसंगती दाखवणारी त्रुटी ८२४ या दोन्ही २४ व्या पातळीवर असल्याने पकडल्या जातात. त्रुटी ८२५ चे तसे नाही. पहिले वाचन फसले, पण पुन्हा प्रयत्न केल्यावर ते साधले, असे ती सांगते. अखेर वाचन यशस्वी झाल्याने ती १० व्या, म्हणजे केवळ माहितीपर, पातळीवर नोंदवली जाते. वस्तुतः डिस्क निकामी होऊ लागल्याची ही सर्वांत आधीची खूण असू शकते. तिच्यासाठी त्रुटी-क्रमांकावर आधारित स्वतंत्र इशारा बसवावा लागतो.

इशारा न पोहोचण्याची कारणे

ईमेल डेटाबेस मेल या सुविधेमार्फत पाठवले जाते. ही सुविधा २००५ च्या आवृत्तीत आली. चाचणीचे ईमेल व्यवस्थित पोहोचले, तरी एजंटच्या गुणधर्मांत मेल प्रोफाइल निवडून सेवा पुन्हा सुरू केली नसेल, तर जॉबच्या अपयशाची सूचना जात नाही. शिवाय ‘अपयश आल्यास कळवा’ हा पर्याय जॉब चालून फसला तरच उपयोगी पडतो. एजंटच बंद असेल तर जॉब चालत नाही, अपयश नोंदवले जात नाही आणि ईमेलही येत नाही. सेवा सर्व्हरबरोबर आपोआप सुरू होईल अशी ठेवलेली नसेल, तर सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर नेमके हेच घडते. यासाठी शेवटच्या यशस्वी बॅकअपची वेळ दुसऱ्या यंत्रावरून तपासणे अधिक विश्वासार्ह मानले जाते.

अशा शांततेची किंमत वेगळ्या प्रणालीवर घडलेल्या एका घटनेत दिसून आली. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या संकेतस्थळाच्या मुख्य पोस्टग्रेएसक्यूएल सर्व्हरवरील विदा चुकून पुसली गेली. रोजचा बॅकअप तपासला असता तो मिळाला नाही. बॅकअप घेणारे साधन ९.२ आवृत्तीचे आणि डेटाबेस ९.६ आवृत्तीचा असल्याने ते काम फसत होते. अपयशाची ईमेल पाठवली जात होती, पण ती प्रमाणीकरणाच्या नियमांत बसत नसल्याने नाकारली जात होती. सुमारे ६ तास आधी घेतलेल्या एका प्रतीवरून सेवा पूर्ववत करण्यात आली. मधल्या काळातील नोंदी गमावल्या.

इतिहासाची मर्यादा

मूळ मांडणीत एजंट सर्व जॉबांचा मिळून १,००० ओळींचा आणि प्रत्येक जॉबचा १०० ओळींचा इतिहास राखतो. एका टप्प्याचा जॉबही प्रत्येक फेरीला दोन ओळी लिहितो. दर ५ मिनिटांनी चालणाऱ्या लॉग बॅकअपचा इतिहास त्यामुळे जेमतेम चार तासांचाच उरतो, आणि रात्री काय बिघडले याचा पुरावा सकाळपर्यंत नाहीसा होतो. ही मर्यादा वाढवता येते.

उपलब्धता

विनामूल्य एक्सप्रेस आवृत्तीत एजंट नसतो. तेथे विंडोजच्या टास्क शेड्युलरचा आधार घेतला जातो. लिनक्सवर तो २०१७ च्या आवृत्तीपासून उपलब्ध आहे. अझ्युर एसक्यूएल डेटाबेसमध्ये तो नाही, मात्र अझ्युर एसक्यूएल मॅनेज्ड इन्स्टन्समध्ये आहे.