एफ-वनचं बटण

१९८४ साली मी रायगडातल्या एका केमिकल कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात लागलो, तेव्हा कंट्रोल रूममधलं मदतीचं साहित्य म्हणजे लोखंडी कपाटातल्या अकरा बॉक्स फाइली. पॅनेल न्यूमॅटिक. तीन ते पंधरा पीएसआय हवेच्या दाबावर सगळा संसार चालायचा आणि ती बारीक सुस्स ड्यूटी संपून घरी गेल्यावरही कानात राहायची. मॅन्युअल इंग्रजीत, सायक्लोस्टाइल केलेलं, कडा तेलकट. पण पॅनेलमन वाचायचे ते समास. तिथे पेन्सिलीनं मराठीत लिहिलेलं असे: ‘आधी खालचा वॉल्व्ह, मग वरचा. घाई नको.’ एका पानावर, ‘पावसाळ्यात हा गेज खोटं बोलतो.’ कुणाचं अक्षर, हे जुन्या माणसांना बघताक्षणी कळायचं.

या फाइलींचा एक गुण तेव्हा कुणाच्या ध्यानात आला नव्हता. त्या प्लँटला काही करू शकत नव्हत्या. पान उलटल्यानं कधी पंप ट्रिप झाला नाही.

हनीवेलचं टीडीसी २००० आणि योकोगावाचं सेंटम ही डीसीएसची, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या नियंत्रण प्रणालीची, पहिली पिढी १९७५ची. आमच्याकडे डीसीएस यायला पुढची पंधरा वर्षं गेली. त्या सुरुवातीच्या मशीनचा कीबोर्ड वेगळा, आतली प्रणाली कंपनीची स्वतःची. ऑपरेटरला तिथे प्लँट चालवण्यापलीकडे काही करताच यायचं नाही. मग नव्वदच्या दशकात विंडोज कंट्रोल रूममध्ये शिरली. स्वस्त, ओळखीची, आणि सोबत ऑफिसातल्या पीसीच्या सगळ्या सवयी घेऊन आलेली. विंडोजची ‘हेल्प’ १९९०च्या ३.० आवृत्तीपासूनची. अकरा फाइली एका खिडकीत मावल्या, कपाट भंगारात गेलं. समासही त्याच्याबरोबर गेले. टाइप करून घेणाऱ्याला पेन्सिलीची अक्षरं मॅन्युअलचा भाग वाटली नव्हती.

१९९९च्या एका रात्रपाळीत मी कॅलिब्रेशनसाठी थांबलो होतो. ऑपरेटर स्टेशनचा डेस्कटॉप झाकलेला, स्टार्ट मेनू गायब, सगळं बंदोबस्तात. तरी पहाटे तीनला स्क्रीनवर प्लँटच्या चित्राशेजारी पत्ते मांडलेले. सॉलिटेअर! “साहेब, रागावू नका,” ऑपरेटर म्हणाला आणि करून दाखवलं. एफ-वन दाबायचं. हेल्पची खिडकी उघडते. तिच्यात फाइल, मग ओपन. समोर आख्खी ड्राइव्ह. हव्या त्या नावावर उजवी क्लिक करून पुन्हा ओपन. मी रागावलो नाही, घामाघूम झालो. त्याला पत्ते सापडले होते. त्याच वाटेनं कंट्रोलरचं कॉन्फिगरेशनही सापडलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी केलेला उपाय सांगायला आजही लाज वाटते. स्क्रू ड्रायव्हरनं सगळ्या कीबोर्डवरची एफ-वनची टोपी उचकटून काढली. आठवड्याभरात ऑपरेटर रिफिलच्या टोकानं आतला खिळा दाबू लागले.

मग साहेब म्हणाले, हेल्पच काढून टाका. इथे मात्र मी अडून बसलो. २८ मार्च १९७९ला थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीत अपघात झाला, तेव्हा अलार्म इतके आले की ते छापणारा प्रिंटर दोन तासांहून जास्त मागे पडला होता. ज्या मिनिटाला माहिती हवी त्याच मिनिटाला ती समोर नसेल, तर ती असून नसल्यासारखी. पान ऑपरेटरच्या हाताशी हवंच होतं.

पुढची काही वर्षं त्या पानाच्या मागे धावण्यात गेली. जुन्या हेल्पच्या जागी १९९७पासून सीएचएम फाइली आल्या होत्या. त्यांच्या पोटात वेबपानं, म्हणजे स्क्रिप्टही आलीच. आम्ही त्या सर्व्हरवर एका ठिकाणी ठेवल्या, सगळी स्टेशनं तिथूनच वाचायची. जून २००५मध्ये मायक्रोसॉफ्टनं सुरक्षेसाठी नेटवर्कवरून अशा फाइलींतली पानं दाखवणंच अडवलं. तो पॅच आमच्याकडे लागला त्या रात्री ऑपरेटरनं बॉयलरची शटडाउन कृती उघडली. डावीकडे अनुक्रमणिका व्यवस्थित, उजवीकडे कोरं पान. चूक मायक्रोसॉफ्टची नव्हती. पॅच आधी बाजूच्या मशीनवर लावून बघायचं काम माझं होतं.

२०१०मध्ये स्टक्सनेट हे कारखान्यांच्या नियंत्रण प्रणालींत घुसणारं घातक सॉफ्टवेअर उजेडात आलं आणि साहेबांना माझी जुनी धास्ती एकदम पटू लागली. पेन ड्राइव्हमधलं फोल्डर नुसतं उघडून आयकॉन दिसले तरी ते शिरत असे. आमची सुधारित मॅन्युअलं तोवर पेन ड्राइव्हवरूनच तर यायची.

शेवटी आम्ही मदतीतला जिवंतपणा काढून टाकला. प्रत्येक पान एक साधं चित्र. लिंक नाही, स्क्रिप्ट नाही. चित्रंही अगदीच सोवळी नसतात; २००५च्या अखेरीस डब्ल्यूएमएफ चित्रांतून घुसखोरी झालीच होती. म्हणून दाखवणारा प्रोग्रॅम बिनमेनूचा, मर्यादित अधिकारांच्या खात्यावर, आणि त्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी कुणालाच नाही. नवं पान आणायचं तर आधी वेगळ्या मशीनवर तपासणी, मग माझी सही. एफ-वन दाबलं की समोरच्या पंपाचंच पान येई, आणि त्यातून कुठेही जाता येत नसे.

चित्रंच करायची म्हटल्यावर कुणाला तरी आठवलं की जुन्या फाइलींचा एक संच स्टोअरच्या माळ्यावर आहे. अकरापैकी सात सापडल्या, एकीला वाळवी लागलेली. स्कॅन केल्या. पेन्सिलीची अक्षरं स्क्रीनवर परत आली तेव्हा निवृत्तीला टेकलेला एक पॅनेलमन बराच वेळ एकाच पानावर थांबला होता.

महिन्याभरात तक्रार आली. ‘आधी खालचा वॉल्व्ह’ हे जुन्या पंपाचं होतं. नव्या पंपाला उलटा क्रम. चित्रातलं खोडणार कसं? नवं पान तपासून, सही होऊन यायला चार दिवस लागणार होते. मी शिफ्टला पोचलो तेव्हा मॉनिटरच्या चौकटीवर सेलोटेपनं एक चिठ्ठी लावलेली होती, पेन्सिलीनं लिहिलेली: ‘आता आधी वरचा.’