अवघड शब्दांचे कोश

सोळाव्या शतकात इंग्रजीत लॅटिन आणि ग्रीक शब्दांचा लोंढा आला. वैद्यक, कायदा, धर्मशास्त्र यांवरचे ग्रंथ इंग्रजीत आणताना शब्द अपुरे पडत. मग मूळ शब्दालाच इंग्रजी शेपूट जोडून तो चालवण्याचा सपाटा विद्वानांनी लावला. विरोधक त्यांना 'दौतीतले शब्द' म्हणून हिणवत. टॉमस विल्सन याने १५५३ मध्ये या भाषेची टर उडवणारे एक बनावट पत्रच छापले. त्यातले 'सेलिब्रेट', 'कपॅसिटी', 'डेक्स्टेरिटी' हे शब्द पुढे इंग्रजीत मुरले, 'इन्जेंट' मात्र टिकला नाही. जॉन चीक हा केंब्रिजचा ग्रीकचा प्राध्यापक, तरीही कडवा शुद्धिवादी. बायबलच्या भाषांतरात त्याने 'सेंच्युरियन'ला 'हंड्रेडर' आणि 'लुनॅटिक'ला 'मून्ड' असे देशी पर्याय दिले. ते कोणी उचलले नाहीत.

ग्रामर स्कूलमध्ये मुलगे लॅटिन शिकत. मुलींची आणि बहुतेक कारागिरांची तिथवर मजल जात नसे. पण प्रवचने आणि पुस्तके याच शब्दांनी भरलेली असत. एडमंड कूट याने १५९६ मध्ये आपल्या शालेय पुस्तकात अशा शब्दांची यादी दिली. ती बरीचशी उचलून, तिच्यात भर घालून रॉबर्ट कॉड्री याने १६०४ मध्ये 'टेबल अल्फाबेटिकल' काढले. कॉड्री शाळामास्तर होता. धर्ममतांपायी त्याची पाद्रीपदाची जागा गेली होती. सुमारे २,५०० शब्दांचा हा पहिला इंग्रजी-इंग्रजी कोश मुख्यतः स्त्रियांसाठी असल्याचे मुखपृष्ठावरच छापले होते. वर्णक्रमाने शब्द शोधायची सवय वाचकांना नव्हती. त्यामुळे 'ए'चा शब्द पुस्तकाच्या सुरुवातीला पाहावा, 'व्ही'चा शेवटाकडे, असे प्रस्तावनेत समजावून सांगावे लागले. पहिल्या आवृत्तीची एकच प्रत आज उरली आहे, ती ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात.

हेन्री कॉकरम याचा १६२३ चा कोश त्याहून मजेदार. त्याच्या दुसऱ्या भागात साध्या शब्दांना भारदस्त प्रतिशब्द दिले होते. चारचौघांत छाप पाडू पाहणाऱ्यांची ही सोयच म्हणायची. त्यासाठी लॅटिन कोशांतून हवे ते उचललेले दिसते. ताटे चाटण्याला 'कॅटिलेट' असे क्रियापद त्याने नोंदवले. ते कोणी बोलताना वापरले असेल, हे संभवत नाही.

टॉमस ब्लाउंट हा वकील मात्र कानावर पडणारे शब्द टिपणारा. 'ग्लॉसोग्राफिया'च्या (१६५६) प्रस्तावनेत लंडनच्या खानावळवाल्यांची आणि शिंप्यांची नवी बोली आपल्याला कशी अडवते, हे त्याने सांगितले आहे. दोनच वर्षांनी मिल्टनचा भाचा एडवर्ड फिलिप्स याने या कोशावर डल्ला मारला. ब्लाउंटने १६७३ मध्ये त्याच्या चुकांचा पंचनामा पुस्तकरूपाने छापला.

रोजच्या वापरातले शब्द कोशात येण्यासाठी १७०२ साल उजाडावे लागले. 'जे. के.' एवढ्याच आद्याक्षरांनी निघालेला तो कोश जॉन कर्सी याचा मानला जातो. सॅम्युएल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात तर साध्या शब्दांच्या अर्थच्छटांनी पानेच्या पाने व्यापली आहेत. निव्वळ अवघड शब्दांचे काम मग वेगळ्या पुस्तकांकडे गेले. नॉर्मन लुइस याचे 'वर्ड पॉवर मेड इझी' १९४९ मध्ये अमेरिकेत निघाले. लॅटिन-ग्रीक धातूंवर उभे असलेले हे पुस्तक पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात स्पर्धा परीक्षांची मुले आजही विकत घेतात.