मुंबईतील कामगारांचे निवास आणि सामाजिक संशोधन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

१८९६ च्या प्लेगनंतर मुंबईतील दाट वस्ती हा शासकीय चिंतेचा विषय बनला. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली आणि पुढील काळात घर व आरोग्य यांचा संबंध आकड्यांत मांडण्याचे प्रयत्न झाले. या प्रयत्नांनी काय मोजले व काय मोजावयाचे राहिले, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

खोलीचे मोजमाप

१९२१ च्या नगरपालिकेच्या आकडेवारीनुसार एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत दर हजार नोंदलेल्या जन्मांमागे सुमारे ८२८ अर्भके दगावत. चार वा अधिक खोल्यांच्या घरांत हे प्रमाण १३३ होते. यातील पहिला आकडा जपून वाचावा लागतो. अनेक स्त्रिया बाळंतपणासाठी गावी जात. परिणामी जन्माची नोंद मुंबईत होत नसे, मृत्यूची मात्र होई. तथापि, दोहोंतील दरी नाकारता येत नाही. ए. आर. बर्नेट-हर्स्ट यांच्या १९२५ मधील ग्रंथाने ९७ टक्के कामगार कुटुंबे एकाच खोलीत राहत असल्याचे नोंदविले.

शासनाचे उत्तर

१९२० मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने ५० हजार खोल्यांचा संकल्प सोडला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे २०७ चाळी उभ्या राहिल्या. प्रत्येकीत सुमारे १६० चौरस फुटांच्या ८० खोल्या होत्या. घरांची एवढी टंचाई असूनही अनेक खोल्या, विशेषतः वरळीच्या, दीर्घकाळ रिकाम्या राहिल्या. कामाचे ठिकाण, बाजार व आपली माणसे यांपासून दूरची खोली कामगाराला घर वाटली नाही. सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीतील काही चाळींचा तात्पुरता तुरुंग म्हणून वापर झाला, हे या संदर्भात बोलके आहे.

पुढे याच खोल्यांत पिढ्या नांदल्या. आजारपणात धावून येणारा शेजार, कामावर जाणाऱ्या आईच्या मुलांकडे लक्ष देणाऱ्या शेजारणी आणि गणेशोत्सव मंडळे हे सारे या चाळींत रुजले. सामायिक शौचालये आणि एकांताचा अभावही तेथेच होता; म्हणून चाळीचे केवळ गौरवीकरण करणे अनैतिहासिक ठरेल.

समारोप

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील पुनर्विकसित बहुमजली इमारतींत ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या सदनिकांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० वरून ५०० ही वाढ कष्टकऱ्यांच्या हक्काची आहे. परंतु क्षेत्रफळ म्हणजे कल्याण नव्हे, हा वरळीच्या रिकाम्या खोल्यांचा धडा आहे. देखभालीचा खर्च कुटुंबाला पेलतो काय, वृद्धांचा शेजार टिकतो काय, हे प्रश्न संशोधकांनी रहिवाशांनाच विचारावयास हवेत. आणि ते चाळी पाडल्या जाण्यापूर्वीच विचारावयास हवेत.