प्रोफेसर जस्टच्या नावानं

गेलेल्या प्रोफेसरच्या नावानं बक्षीस ठेवायचं म्हटलं की सगळेच माना डोलावतात. मेलेला माणूस नोकरी मागत नाही, भाड्यानं खोली मागत नाही, स्टाफरूमच्या माठातलं पाणी मागत नाही. म्हणून दोस्तहो, असल्या बक्षिसांचा इतिहास आपण तपासून घ्यायला हवा. मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर उभा राहणारा माणूस. कॉलेजची पायरी चढलेलो नाही. पण रातपाळी सुटल्यावर एका काळ्या प्रोफेसरची हकीकत वाचली, ती तुमच्यापुढं मांडतो.

अर्नेस्ट एव्हरेट जस्ट. जन्म १८८३, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या चार्ल्सटन गावी. बाप लहानपणीच गेला. आई शाळेत शिकवायची, फॉस्फेटच्या खाणीतही राबायची. पोरगा १९०७ साली डार्टमथ कॉलेजातून मानानं पास झाला. पण गोऱ्यांच्या विद्यापीठात काळ्या मास्तरला कोण उभं करणार? वॉशिंग्टनचं हॉवर्ड हे काळ्यांचं विद्यापीठ, तिथं तो शिकवायला लागला. उन्हाळ्यात वुड्स होलच्या समुद्रकाठच्या प्रयोगशाळेत जायचा. सागरी प्राण्यांची अंडी फलित कशी होतात ते तासन्‌तास पाहायचा. पेशीचं सगळं काही केंद्रकच ठरवतं, असं तेव्हा मोठमोठे शास्त्रज्ञ सांगत होते. जस्ट म्हणाला, पेशीचा पृष्ठभाग, तिचा काठसुद्धा तितकाच कामाचा आहे. काठावरच्या माणसाला काठाचं काम दिसलं, असं मला आपलं वाटतं.

फेब्रुवारी १९१५ मध्ये न्यूयॉर्कात त्याला पहिलंवहिलं स्पिंगार्न पदक मिळालं. सोन्याचं पदक, खुद्द गव्हर्नरच्या हातून. त्याच वेळी त्याच शहरात, कोलंबिया विद्यापीठात आपले बाबासाहेब शिकत होते. दोघांची गाठ पडली असं मी म्हणत नाही. पण एकाच हिवाळ्यात एकाच शहरानं हे दोघे पाहिले, ही गोष्ट मला साधी वाटत नाही. पुढच्याच वर्षी जस्टनं शिकागोची पीएच.डी. घेतली.

आणि पदकानं काय झालं? गोऱ्या विद्यापीठांचं दार बंदच राहिलं. उपयोगी पडला तो पैसा. १९२० पासून काही वर्षं ज्युलिअस रोझेनवाल्ड या धनिकाच्या मदतीवर त्याला शिकवण्यातून सवड मिळाली, संशोधन झालं. तरी देशात हक्काची प्रयोगशाळा मिळेना, म्हणून तो युरोपात गेला. १९२९ ला नेपल्स, १९३० ला बर्लिन. १९३९ साली पेशीच्या पृष्ठभागावरचा त्याचा मोठा ग्रंथ आला. १९४० मध्ये फ्रान्समध्ये जर्मनांनी त्याला पकडून छावणीत डांबलं. सुटून मायदेशी आला आणि १९४१ मध्ये कॅन्सरनं गेला. वय अठ्ठावन्न.

मग सन्मान सुरू झाले. १९८३ साली केनेथ मॅनिंग यांनी त्याचं चरित्र लिहिलं. १९९४ पासून अमेरिकेच्या पेशीशास्त्रज्ञांच्या संस्थेनं त्याच्या नावाचा पुरस्कार आणि व्याख्यान सुरू केलं. १९९६ ला टपाल तिकीट निघालं. डार्टमथनं त्याच्या नावानं प्राध्यापकपद ठेवलं, विज्ञान शिकणाऱ्या पोरांसाठी कार्यक्रम काढला. यातलं मला पटतं ते शेवटचं. तिथं मेलेल्याचं नाव जिवंत पोराच्या कामी येतं.

आपला इतिहासही हेच सांगतो. १९१३ साली बडोद्याची शिष्यवृत्ती मिळाली, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. ती नसती तर कोलंबिया नव्हतं. पण १९१७ ला बाबासाहेब बडोद्यात नोकरीला आले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. शिपाई फायली लांबून फेकायचे. १९१८ ला सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसर झाले, तर माठातल्या पाण्यावरून सहकारी कुरकुरले. शिष्यवृत्ती माणसाला विद्यापीठापर्यंत नेते. पुढं माठ, खोली, नोकरी यांचं काय, ते तिच्या कागदावर लिहिलेलं नसतं.

आपल्याकडंही आता गेलेल्या प्राध्यापकांच्या नावानं स्मृतिपुरस्कार निघतात. शाल, श्रीफळ, फ्रेम, फोटो. आमच्या वस्तीतली एक पोरगी बारावीला पहिली आली. तिला हातभर ट्रॉफी मिळाली. पुढच्या फीला पैसे नव्हते. ट्रॉफी फळीवर आहे, पोरगी शिवणकामाला जाते.

म्हणून स्मृती जपणाऱ्यांना माझं सांगणं आहे. शालीचे पैसे फीत घाला. एका दिवसाचा हार नको, वर्षभराची मेस भरा. पोरगं शहरात गेलं तर त्याला खोली बघून द्या. पास झालं की नोकरीच्या दारापर्यंत सोबत जा, आणि दार उघडलं नाही तर तिथंच ओरडा. गेलेल्या मास्तरचं नाव पाटीवर नसलं तरी चालेल, त्या पोराच्या तोंडी राहील.