शब्दाने नाही, अर्थाने शोधा

फोनमध्ये शेकडो नोट्स, पण हवी ती सापडत नाही. हे दुखणं जुनंच आहे.

1936 मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला आले. त्यांचे सचिव महादेवभाई देसाई सुरुवातीला वर्ध्याच्या मगनवाडीतून तिथे पायी ये-जा करायचे. 1917 पासून ते रोजनिशी लिहीत होते. 15 ऑगस्ट 1942 ला पुण्यात, आगाखान पॅलेसच्या कैदेत ते गेले. कुठल्या वहीत काय आहे, हे ठाऊक असलेला माणूसच गेला. उरल्या फक्त वह्या.

पुढे गांधीजींच्या लेखनाचे इंग्रजीत 100 खंड निघाले. त्यात नुसत्या विषयसूचीला एक अख्खा खंड! माणसांनी वाचून, अर्थ लावून केलेली सूची.

आज हेच काम एआय एजंट करतो. प्रत्येक नोटचा अर्थ तो आकड्यांत मांडतो. जवळच्या अर्थाचे आकडे जवळ येतात. तुम्ही लिहिलंय 'मगनवाडीतली तेलघाणी' आणि शोधताय 'ग्रामोद्योग'. साध्या सर्चला काहीच मिळत नाही, एजंटला मिळू शकतं.

पण जवळचं म्हणजे बरोबरच असं नाही. मूळ नोट उघडून वाचाच. आणि मुळात टिपून ठेवा. महादेवभाईंनी लिहिलंच नसतं, तर शोधणार काय?